वाव

तीन वर्षं सात महिने बाबा समुद्र मोजत होते.
आई म्हणायची, मोजायला ते काय शेत आहे?

स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर ते उतरले
तेव्हा मी नऊ वर्षांची. ओळखलं नाही मी त्यांना.
त्यांनी दोन्ही हात पसरले, म्हणाले,
"या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव.
असे चार हजार सोडले खाली एकदा, इंगा,
तरी तळाचा ठाव नाही."
हात तसेच राहिले हवेत.
त्यांत शिरायचं असतं, हे मला उशिरा कळलं.

रात्री पीटच्या धुरात ते दोराविषयी बोलत.
बायकोविषयी बोलावं तसं.
पंचवीस वावांवर पांढरी लोकर बांधलेली,
पन्नासावर तांबडी, शंभरावर निळी.
दोर तासभर उतरत राहतो.
कठड्याशी एकजण घड्याळ धरून.
तळ दिसत नाही, हाताला जाणवत नाही;
फक्त पुढची निळी खूण
यायला हवी त्याहून उशिरा येते.
"एवढ्यावरून ओळखायचं," बाबा म्हणत, "की टेकलं."

मग अर्धा दिवस वर ओढायचं.
टोकाच्या नळीत चमचाभर चिखल,
आणि चष्मेवाले विद्वान त्याभोवती असे
की जणू बारसं आहे.
आधी म्हणे यांनाच वाटायचं, खाली कुणी जगत नाही:
काळोख, गारठा, डोक्यावर पाण्याचा डोंगर.
मग एकदा जाळ्यातून आला एक किडा,
स्वतः बांधलेल्या नळीत, बिऱ्हाडासकट.

आमच्या घरात दोनच खोल्या होत्या.
तिसरी बाबांनी आणली, औषधाच्या बाटलीत.
वाळलेला, पिठासारखा, करडा-पांढरा गाळ.
आईनं बूच काढून वास घेतला.
आणि तिला सँडरमामा आठवला,
डेव्हिसच्या सामुद्रधुनीत देवमाशांमागे गेलेला.
वॉरबेथच्या दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड आहे,
दगडाखाली कुणी नाही.

"याला त्याच्याकडे नेऊ," ती म्हणाली.
मी शाळेतली हुशार मुलगी; नकाशा काढला.
"हा गाळ पॅसिफिकचा. मामा इकडे, ग्रीनलंडच्या अंगाला.
मधे अख्खी अमेरिका आहे, आई."
"नावं वरच्यांनी वर बसून ठेवली," ती म्हणाली.
"खालचं पाणी शाळेत गेलेलं नाही."

मी बाबांकडे पाहिलं. ते हसले नाहीत.
"विषुववृत्तावर," ते सावकाश म्हणाले,
"डेकवरचं डांबर वितळायचं उन्हानं,
आणि तळातून आलेला चिखल
बोटं बधिर करायचा, इतका गार.
ते पाणी ध्रुवाकडून चालत आलेलं, साहेब सांगायचे.
किती वर्षं चालत, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं."

आईनं अर्धी बाटली दगडापाशी रिती केली.
प्रार्थना नाही, काही नाही.
फक्त हात झटकले, भाकरी टाकून झाल्यावर झटकतात तसे.
रात्री पाऊस आला.
सकाळी पांढरा ओघळ भिंतीखालून वाळूत,
वाळूतून पुढे. पुढचं सांगायला नको.

उरलेली अर्धी माझ्या खिडकीत आहे.
मास्तरांनी एकदा भिंगाखाली दाखवली:
तो चिखल नव्हताच.
शिंपले होते, सुईच्या टोकावर मावतील असे,
वरच्या उजेडात जगलेले,
मेल्यावर खाली, खाली झरत राहिलेले.
मला वाटलं बाबांना सांगावं. सांगितलंही.
ते म्हणाले, "बर्फासारखे?"
म्हटलं, "हो. पण आवाज नाही."
"बर्फाला तरी कुठे असतो?" म्हणाले, आणि बूट पुसत राहिले.

म्हातारपणी ते फार बोलत नसत.
थांग लागू द्यायचे नाहीत.
शेवटच्या रात्री आई दमून झोपली होती;
मी त्यांचे श्वास मोजत बसले,
हातात त्यांचंच घड्याळ.
बाहेर भरती.
एक निळी खूण उशिरा आली.
मग एक, आणखी उशिरा.